दुपट्यातला अडकित्ता

काट्याची सुई थरथरली आणि सव्वादोन किलोच्या पुढं जाऊन थांबली. माझी सून शोभा वाकून ती वाचत होती. ओसरीच्या आढ्याला काटा, काट्याला झोळी, झोळीत दुपट्यात गुंडाळलेली एकवीस दिवसांची पोरगी — आणि तिच्या पाठीमागं, दुपट्याच्या घडीत, लोखंडी अडकित्ता. तो मी ठेवला होता. चुकून राहिला नव्हता, समजून ठेवला होता. शोभानं डोळे बारीक करून सुई पुन्हा बघितली. तिच्या कपाळाला आठी आली. मग तिनं वहीत आकडा लिहिला. मी भिंतीला टेकून उभी होते.

हे आजवर माझ्या ओठांवर आलेलं नाही. नवरा जिवंत होता तोवर त्याला सांगितलं नाही, लेकाला नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही — देवाला काय सांगायचं, तो तर त्या ओसरीवरच असेल ना? तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगते. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो समजूत काढायला बसतो. मला समजूत नको आहे.

माझं नाव गयाबाई. गाव चाकूर तालुक्यात. शाळा चौथीपर्यंत. सत्तरी कधीच ओलांडली. उभा जन्म मी एकच काम केलं — बाळंतिणीच्या घरी जायचं, लेकराला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची आणि घट्ट गुंडाळून झोपवायचं. सव्वा महिना, रोज सकाळी. त्याआधी मी बाळंतपणंही करायची. मग सगळ्या बाया दवाखान्यात जायला लागल्या. ते बरं झालं, कारण माझ्या हाताखाली दोन मेल्या आहेत. ते गावाला माहीत आहे, ते मी कधी लपवलं नाही. लपवलं ते हे.

लेकराला न्हाऊ घालताना आम्ही पाय लांब करून बसतो आणि लेकरू नडग्यांवर घेतो. माझ्या नडग्यांवरून किती लेकरं गेली त्याची मोजदाद नाही. त्यामुळं झालं असं की लेकरू पायावर ठेवलं की मला त्याचं वजन कळतं. काल होतं त्यापेक्षा आज जड की हलकं, तेही कळतं. काटा लागत नाही. हे सांगायला हवं — कारण पुढं तुम्ही म्हणाल की बाई अडाणी होती, तिला कळलं नसेल. मला कळत होतं. पहिल्या दिवसापासून, रोज, सगळ्यांच्या आधी मलाच कळत होतं.

आता त्या घराबद्दल. घर कोंडाबाईचं. माझ्याच वयाची, शेतीभाती बरी, लेक बालाजी चाकूर-लातूर जीप चालवायचा. बालाजीची बायको मनीषा. ती नांदेडकडची, देगलूरच्या बाजूची. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून दोन्ही बाळंतपणं सासरीच. पहिला मुलगा झाला होता. दीड वर्षाचा असताना अंगणातल्या जनावरांच्या हौदात पडून गेला. भर दुपारी. मनीषा आत चुलीपाशी होती, कोंडाबाई बाजेवर पडली होती, बालाजी लातूरला. घरात दोन बाया होत्या, पण गावानं एकीलाच धरलं. आईला.

मी पण धरलं. पिठाच्या गिरणीपुढं पाच-सहा बाया उभ्या होत्या आणि मी मोठ्यानं म्हणाले, “लेकरू जन्माला घालायला काय अक्कल लागती? सांभाळायला लागती.” मनीषा पाठीमागं डबा घेऊन उभी होती. मला दिसली नव्हती. दिसली असती तर गप्प बसले असते का? सांगता येत नाही. मला तेव्हा माझ्या बोलण्याचा फार गर्व होता.

त्यानंतर दोन वर्षांनी ही पोरगी झाली. दवाखान्यात झाली, नीट झाली, वजन जेमतेम होतं पण पोरगी धड होती. तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि माझं जाणं सुरू झालं. तेव्हापासून मनीषा भिंतीकडं तोंड करून पडलेली. लेकरू रडलं तरी हात लांब करायची नाही. कोंडाबाईनं उचलून छातीशी लावलं तर पाजायची, पण स्वतः धरायची नाही. हात अंगाला चिकटवून ठेवायची — जसं काही हात कुणी बांधलेत. लेकरू निसटलं की निसटलं. मग कोंडाबाई चिडून उठायची आणि साखरेच्या पाण्यात कापसाची वात भिजवून पोरीच्या तोंडात द्यायची.

दसरा तोंडावर आलेला. सोयाबीन काढणीला आलेलं. घरातली माणसं सकाळी सातला रानात. मी न्हाऊ घालून नऊला निघाले की त्या खोलीत आई आणि पोरगी दोघीच उरायच्या, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी गेलं की दुपटं पोरीच्या अंगाला वाळून चिकटलेलं. मांड्यांच्या मधे कातडी सोललेली. मी तेल लावायची, पुसायची, गुंडाळायची. आणि घरी येऊन भाकरी खायची.

शोभा गावची आशा होती. माझ्या एकुलत्या एका लेकाची बायको. बारावी झालेली, बोलायला गोड, कामाला वाघ. आशाचं काम म्हणजे घरी आलेल्या बाळंतिणीला ठरलेल्या दिवशी जाऊन बघायचं — सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या — लेकराचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, लिहायचं. ठरलेल्या दिवसांशिवायही ती मनीषाकडं जायची. तिच्या पायथ्याशी बसायची. पोरीला उघडी करून मनीषाच्या झंपरच्या आत, छातीवर ठेवायची आणि म्हणायची, “धरू नको. नुसती असू दे.” मनीषा डोळे मिटून पडायची. थोडा वेळ पोरगी टिकायची तिथं.

एका संध्याकाळी शोभा भाकरी थापताना मला म्हणाली, “आत्याबाई, मनीषाचं लक्षण बरं न्हाई. ती लेकराला भिऊन राहिली. लातूरला आई आन लेकरू दोघींना ठिवून घेतात, आईला बी शिकवतात, बोलतं करतात. आत्ताच न्यायला पाहिजे. मागून नेऊन काय उपेग?”

“मग न्ये की,” मी म्हणाले.

“कोंडाबाई सोडंना. म्हनती सोयाबीन झाल्यावर बघू. चौदाव्या दिवशी वजन कमी भरलं तर मात्र मी ऐकत न्हाई. माज्याजवळ लिव्हलेलं असंल. मग कोन अडवतं बघते.”

तर मला हे ठाऊक होतं. आकडा कमी आला की पोरगी लातूरला जाणार, आणि आला नाही की त्या खोलीत राहणार. सगळं त्या एका सुईवर होतं. हे मला माझ्याच चुलीपुढं, माझ्याच सुनेनं समजावून सांगितलं होतं.

आता मधली एक गोष्ट. ती सांगायची मला लाज वाटते, अडकित्त्याची वाटते त्यापेक्षा जास्त, कारण ती फार लहान आहे. चौदाव्या दिवसाच्या दोन दिवस आधी अंगणवाडीत बायांची बैठक होती. शोभा उभी राहून सांगत होती की लेकराच्या कानात-नाकात तेल घालू नका. मी मागं बसले होते. एक बाई म्हणाली, “तुमची सासूच तर घालती!” सगळ्या हसल्या. शोभा पण हसली. मग म्हणाली, “आत्याबाई, आता बंद करा बाई ते. दोन लेकरांचे कान फुटले यंदा तुमच्या तेलानं.” बाया पदर तोंडाला लावून फिस्कन हसल्या. एकजण म्हणाली, “गयाबाय, सुनंनं कान धरला की व!”

शोभा खरं बोलली होती. कान फुटले होते. पण चाळीस वर्षं ज्या बायांच्या लेकरांना मी न्हाऊ घातलं त्या बायांपुढं ती बोलली होती. मी घरी आले आणि तिच्या हातचं जेवले नाही. एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस काय करू शकतो?

चौदावा दिवस.

आमच्यात सव्वा महिना होईपर्यंत लेकराच्या उशाला लोखंड ठेवतात. सटवीची बाधा होऊ नये, दृष्ट लागू नये म्हणून. कुणी विळा ठेवतं, कुणी चाकू. कोंडाबाईच्या घरी अडकित्ता ठेवायचे, तिच्या सासूचा, जुना, जड — पाव किलोला थोडा कमी. लेकरू खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढायचं झालं तर लोखंड सोबत पाहिजे. म्हणून मी पोरीला न्हाऊ घालून गुंडाळताना अडकित्ता दुपट्याच्या मागच्या घडीत खोवायची. रोजचीच सवय. सातव्या दिवशी मी गुंडाळायच्या आधीच शोभा तोलून गेली होती. चौदाव्या दिवशी मात्र रोजच्यासारखा खोवला. त्यात काही कपट नव्हतं. हे मी सुटायला सांगत नाही. खोटं कुठून सुरू झालं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगते.

शोभा आली. कोंडाबाई त्या दिवशी रानात गेली नव्हती. शोभा म्हणाली, उघडी करून तोलू. कोंडाबाई म्हणाली, वारं लागंल, दुपट्यासगट तोल. थोडी हुज्जत झाली. शेवटी शोभा म्हणाली, बरं, दुपट्याचं वजा करते. मी पोरगी तिच्या झोळीत ठेवली. सुई वर गेली — आणि जिथं थांबायला हवी होती तिथं थांबली नाही. आणखी वर गेली.

तेव्हा मला आठवलं. अडकित्ता.

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात शोभा माझ्याकडं वळली. ती काट्यावर खूश नव्हती. म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या हाताला कशी लागती पोरगी? मला तर बारीक दिसून राहिली.”

तिनं मला विचारलं. कळतंय का तुम्हाला? सगळ्या बायांपुढं माझे हात बंद करायला सांगणारी, ती माझ्या हातांना विचारत होती. मशीनपेक्षा माझ्या हातांवर तिचा भरवसा होता. आणि मी म्हणाले, “चांगली जड लागती की. तुजा काटा काय खोटा हाय?”

शोभानं लिहिलं.

का बोलले मी तसं? इतकी वर्षं मी हे उलटून पालटून बघते आहे. कोंडाबाई माझ्याकडं बघत होती, ते एक. तिच्या डोळ्यांत सोयाबीन होतं, लातूरच्या दवाखान्यातले पंधरा दिवस होते, आणि ‘दुसरं लेकरू पण सांभाळता आलं नाही’ हे गावाचं बोलणं होतं. पण कोंडाबाईला मी कधी भ्याले नाही. खरं ते असं — त्या क्षणी मला एक गोष्ट माहीत होती जी शोभाला माहीत नव्हती. तिच्या काट्याला फसवलं होतं आणि ते फक्त माझ्या नडग्यांना ठाऊक होतं. मला बरं वाटलं. घोटभर पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की पोरीला मीच जगवणार. काट्याशिवाय, लातूरशिवाय. सकाळी नऊला निघायची ती अकराला निघायला लागले. शेळीचं दूध घेऊन जायची, वातीनं थेंब थेंब पाजायची. पोरगी ओढायची, दमायची, झोपायची. मनीषा भिंतीकडून मान वळवून बघायची. एकदा तिनं विचारलं, “मावशी, गिळती का?” मी म्हणाले, “तू कशाला इचारती? तुला काय करायचंय?”

तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. बाळंतपण झाल्यापासून तिनं लेकराबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं. आणि मी हे उत्तर दिलं.

पोरगी माझ्या पायावर रोज हलकी होत होती. अठराव्या दिवशी तिच्या मांडीची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. मला माहीत होतं ह्याचा अर्थ काय. तरी मी शेळीचं दूध नेत राहिले. आणि एकविसावा दिवस जवळ येत होता. आता खरं वजन भरलं तर शोभा विचारणार — आठ दिवसांत एवढं उतरलं कसं? मागचं खोटं उघडं पडणार.

तर मी दुसऱ्यांदा ठेवला. ह्या वेळी सवयीनं नाही. खोलीत एकटी होते, मनीषा डोळे मिटून पडलेली. अडकित्ता घेतला, पोरीच्या पाठीशी आडवा ठेवला, वरून दुसरं दुपटं गुंडाळलं — एकट्या अडकित्त्यानं भागणार नाही हा हिशेब मी केला होता. लोखंड गार होतं. पोरगी दचकली. रडली नाही, नुसती दचकली. मी तिला बाहेर नेलं.

पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. सुई थांबली, शोभानं आठी घातली, लिहिलं. जाताना म्हणाली, “वाढ कमी हाय. पन हाय.” आणि माझ्याकडं बघून हसली. “तुमचं शेळीचं दूध लागू पडलं वाटतं, आत्याबाई.” तिला दुधाचं कळलं होतं. खरं तर वरचं दूध देऊ नका असं ती गावभर सांगायची. मला मात्र ती त्या दिवशी रागावली नाही.

चार दिवसांनी मी सकाळी पोरगी पायावर घेतली आणि तिचा हात खाली पडला. उचलून सोडला, पुन्हा पडला. अंग गार. डोळे अर्धे उघडे. मी पाणी ओतायचं थांबवलं. मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? ओरडले? धावत शोभाकडं गेले? मी तिला पुसलं. दुपट्यात गुंडाळलं. अडकित्ता खोवला. हाताला सवय होती, हातानं केलं. आणि बसून राहिले. तिला मांडीवर घेऊन बसून राहिले — किती वेळ, देवाला माहीत.

शेवटी शोभा आली. त्या दिवशी तिचा यायचा दिवस नव्हता. पण तिच्या मनाला चैन नव्हती, म्हणाली रात्रभर झोप नाही. तिनं माझ्या मांडीवरून पोरगी घेतली आणि एका झटक्यात दुपटं सोडलं. अडकित्ता फरशीवर पडला. मोठा आवाज झाला.

तिनं तो उचलला. हातात धरून थोडा वर-खाली केला. मग माझ्याकडं बघितलं. मग तो कोनाड्यात ठेवला आणि मोबाइल काढून बालाजीला म्हणाली, “जीप घिऊन या. आत्ता. सवारी उतरवा आन या.”

जीप आली तेव्हा मनीषा उठून उभी होती. तीन आठवडे जी भिंतीकडं तोंड करून पडली होती ती दारात उभी, पायात चप्पल नाही. शोभाच्या हातून तिनं पोरगी घेतली, शोभानं दाखवलं होतं तसं झंपरच्या आत छातीला लावली, वरून पदर गुंडाळला आणि जीपमधे चढली. शोभा तिच्या शेजारी बसली. मी बाहेर उभी होते. मनीषा कुणाकडंही न बघता म्हणाली, “मला वाटलं, मी हात लावला की मरतंय.”

शोभा म्हणाली, “न्हाई मरत. धर घट.”

जीप गेली.

लातूरला पोरगी पावणेदोन किलो भरली. तिथले डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत एवढं वजन उतरत नाही, वजन घेणाऱ्यानं चुकीचं लिहिलंय. दोन आठवड्यांपूर्वी आणली असती तर एवढं झालंच नसतं. हे बालाजीनं ऐकलं आणि गावात येऊन सांगितलं. मग काय? गाव म्हणायला लागलं, आशा घरी बसूनच आकडे लिहिते. काट्याला हात पण लावत नाही. आशांवर देखरेख करणाऱ्या वरच्या बाई आल्या, शोभाची वही बघितली, चारचौघांत बोलल्या. तिला नोटिशीचा कागद आला. ती खाली मान घालून उभी होती. तिनं एवढंच सांगितलं, “मी तोललं होतं.”

मी तिथं होते. दहा पावलांवर.

त्याच संध्याकाळी कोंडाबाईच्या ओसरीवर बाया जमल्या. कोंडाबाई शोभाला शिव्या देत होती आणि सुपारी कातरत होती. त्याच अडकित्त्यानं. “आशाबाई म्हने! शिकल्या-सवरलेल्या! माजी नात मारली असती रांडनं!” कातरलेली सुपारी तिनं माझ्या हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली. चघळली. बाया माझ्याकडं बघत होत्या, सासू काय म्हणते म्हणून. मी म्हणाले, “आजकालच्या पोरींचं ध्यान कुटं असतंय.”

हे मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं.

शोभानं ते काम सोडलं. काढलं नाही तिला, तिनंच सोडलं. चाकूरला एका शिवणकामाच्या दुकानात जायला लागली. आजही जाते. गावात कुणाचं लेकरू बारीक दिसलं की ती तोंड फिरवून पुढं जाते. मी बघितलं आहे. आधी ती रस्त्यात थांबून लेकरं हातात घ्यायची.

तिला कळलं होतं का? हाच प्रश्न मला बसू देत नाही. तिनं अडकित्ता हातात घेऊन वर-खाली केला होता. तिचे हात वजनाला सरावलेले होते. कळलं असेल, तर ती कागद आला तेव्हा का बोलली नाही? माझं नाव का घेतलं नाही? आणि कळलं नसेल, तर ती इतकी वर्षं स्वतःलाच आंधळी समजते आहे. दोन्हींपैकी कोणतं बरं? मी ठरवू शकत नाही. तिला विचारायचं म्हणून मी किती वेळा तोंड उघडलं. आता माझे गुडघे गेलेत. संध्याकाळी ती कामावरून येते, हातपाय धुते, आणि माझ्या गुडघ्यांना तेल लावते. नडग्यांनाही लावते. मी छताकडं बघत पडते. तिचे हात नडगीवरून खाली जातात तेव्हा मला वाटतं, ही आता विचारेल. ती विचारत नाही. म्हणते, “झालं, आत्याबाई. पडा आता.”

मी भित्री आहे असं मी म्हणणार नाही. भित्र्या माणसाला भीती तरी असते. मला कशाची भीती होती? गाव मला काय करणार होतं? म्हाताऱ्या बाईला चार शिव्या दिल्या असत्या, आणि चार दिवसांत विसरलं असतं. मला फक्त चुकायचं नव्हतं. त्या बायांपुढं, त्या सुनेपुढं, माझ्या हातांना चुकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी एक लेकरू पणाला लावलं, आणि ते कमी पडलं म्हणून एक सून.

त्या पोरीचं नाव ईश्वरी. मनीषानंच ठेवलं, दवाखान्यात, बारशाची वाट न बघता. आता सात वर्षांची आहे. डावा पाय ओढत चालते, बोलायला उशिरा लागली, शब्द अजून तुटतात. मनीषा तिला दर महिन्याला लातूरला घेऊन जाते, व्यायामाला. परवा दोघी एसटीतून उतरल्या तेव्हा मी पाराजवळ बसले होते. ईश्वरी माझ्याजवळ आली, हातातला अर्धा पेरू पुढं केला आणि म्हणाली, “आज्जे, घी.”

मी घेतला. खाल्ला.

कोंडाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. अडकित्ता कुठं आहे मला माहीत नाही. शोभा आहे. मी आहे. मनीषा जगली. आणि पावणेदोन किलोची ती पोरगी जगली.